भावाचं सगळं मीच करते. माझ्या नावावर काही मिळेल का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: मी ४६ वर्षांची, मिरजेत राहते. धाकटा भाऊ ३४ वर्षांचा. त्याला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे आणि समज सहा-सात वर्षांच्या मुलाएवढी. आई दोन वर्षांपूर्वी गेली. तेव्हा मी ११ वर्षांची कंपनीतली नोकरी सोडली आणि यजमानांसह वडिलांकडेच राहायला आले. अंघोळ, जेवण, औषधं, रात्रीचं उठणं सगळं मीच बघते. वडील ७६ वर्षांचे, टपाल खात्यातून निवृत्त. मूळ पेन्शन १८,५०० रुपये. भावाचं २००९ सालचं कागदी प्रमाणपत्र आहे, त्यावर फक्त पायांचं ५५ टक्के अपंगत्व लिहिलंय. इंग्लंडमधल्या मावसबहिणीला सासूला सांभाळण्याबद्दल सरकारकडून दर आठवड्याला पैसे मिळतात. आपल्याकडे असं काही आहे का? शेजारी म्हणतात, ‘संजय गांधी’चे अडीच हजार मिळतील. यजमानांचे सहकारी म्हणतात, टॅक्स वाचेल. एक एजंट पालकत्वाचा कागद करून द्यायचे २०,००० रुपये मागतोय. आणि वडिलांच्या माघारी पेन्शन भावाला मिळते म्हणतात, ते खरं का?

उत्तर:

ताई, तुमच्या पत्रातला सगळ्यात जास्त पैसा शेवटच्या प्रश्नात आहे. म्हणून तुमचे प्रश्न आम्ही उलट्या क्रमाने घेतो. फक्त पहिल्याचं उत्तर आधीच देऊन टाकू, म्हणजे त्यात मन अडकणार नाही.

घरच्या माणसाला सांभाळणाऱ्याच्या हातात महाराष्ट्र सरकार दरमहा काही देत नाही. ब्रिटनमध्ये ‘केअरर्स अलाउन्स’ आहे. आठवड्याला किमान ३५ तास सांभाळणाऱ्याला २०२५-२६ मध्ये आठवड्याचे ८३.३० पौंड त्यातून मिळतात. पण तिथेही सासूबाईंना आधी ठरावीक अपंगत्व-भत्ता मंजूर असावा लागतो, मगच सुनेचा अर्ज उभा राहतो. आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात, कलम २४ मध्ये, जास्त आधार लागणाऱ्या दिव्यांगांसाठी काळजीवाहू भत्त्याचा उल्लेख आहे. पण तो सरकारांनी आपापल्या ऐपतीनुसार योजना आखण्यापुरता. केरळने ‘आश्वासकिरणम’ नावाची योजना काढून सांभाळणाऱ्यांना महिना ६०० रुपये देऊ केले. आपल्याकडे तसं झालेलं नाही. ‘काळजीवाहू भत्ता मंजूर, इथे फॉर्म भरा’ असा मेसेज फिरत आला तर त्यात आधार क्रमांक टाकू नका.

म्हणजे आपल्याकडे जे काही मिळतं ते भावाच्या नावाने, भावाच्या कागदांवर. तुमचं काम ते कागद योग्य क्रमाने आणि वडिलांचे हातपाय चालतायत तोवर करून घेण्याचं आहे.

वडिलांची पेन्शन

हो, खरं आहे. केंद्र सरकारी पेन्शनरच्या मुलाला अशी दिव्यांगता असेल की तो स्वतःची उपजीविका करू शकत नाही, तर त्याला २५ वर्षांच्या वयोमर्यादेनंतरही, तहहयात, कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं. २०२१ च्या पेन्शन नियमांतल्या नियम ५० मध्ये हे आहे. आई हयात असत्या तर आधी त्यांचा हक्क होता. आता वडिलांनंतर थेट भाऊ.

रक्कम किती ते पाहा. मूळ पेन्शन शेवटच्या पगाराच्या ५० टक्के असते, कुटुंब निवृत्तिवेतन ३० टक्के. वडिलांची १८,५०० म्हणजे हिशोबाचा पगार ३७,०००, त्याचे ३० टक्के ११,१००. त्यावर महागाई भत्ता. जुलै २०२५ पासूनच्या ५८ टक्क्यांनी ६,४३८. एकूण महिना १७,५३८ रुपये, आणि भत्ता वाढेल तसा हा आकडाही वाढणार. नेमका आकडा वडिलांच्या पीपीओवर, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशावर, छापलेला असतो, तोच खरा धरा. बाकीच्या सगळ्या योजनांची बेरीज केली तरी याच्या जवळपास जात नाही.

आता यात बहुतेक घरं कुठे चुकतात? वडील गेल्यावर धावपळ सुरू करतात. तेव्हा कार्यालयाच्या नोंदीत मुलाचं नावच नसतं, जन्मतारखेचा दाखला सापडत नाही, वैद्यकीय मंडळापुढे न्यायला महिने जातात आणि तोवर घरात एक रुपया येत नाही. हक्क बुडत नाही, पण मंजुरीला वर्ष-दीड वर्षही लागू शकतं. यावर उपाय नियमातच आहे. कायमस्वरूपी दिव्यांग मुलाचं नाव पेन्शनर हयात असतानाच पीपीओवर चढवून घेता येतं. मग नंतर मृत्यूचा दाखला आणि थोडे कागद दिले की पेन्शन देणारी बँक किंवा टपाल कार्यालय थेट सुरू करतं.

त्यासाठी वडिलांनी ते निवृत्त झाले त्या कार्यालयाच्या प्रमुखाला अर्ज करायचा. सोबत कुटुंबाच्या तपशिलाचा फॉर्म ४ नव्याने भरून, पीपीओची प्रत, आईच्या मृत्यूचा दाखला (पीपीओवर अजून त्यांचंच नाव असेल), भावाच्या जन्माचा पुरावा, आधार, पॅन, फोटो आणि वैद्यकीय मंडळाचं प्रमाणपत्र. या शेवटच्या कागदाकडे नीट लक्ष द्या. दिव्यांगत्वाचं कार्ड आणि पेन्शनसाठीचं वैद्यकीय प्रमाणपत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कार्डावर टक्के असतात. पेन्शनला टक्क्यांशी देणंघेणं नाही, ‘या स्थितीमुळे ही व्यक्ती उपजीविका करण्यास असमर्थ आहे आणि ही स्थिती कायमस्वरूपी आहे’ असं स्पष्ट वाक्य हवं. हे प्रमाणपत्र रुग्णालयाचे प्रमुख किंवा त्यांनी नेमलेले अध्यक्ष आणि आणखी दोन डॉक्टर, त्यातला किमान एक त्या विषयातला तज्ज्ञ, अशा मंडळाने द्यायचं असतं. एकट्या डॉक्टरचं, मग तो कितीही मोठा असो, परत येतं. रुग्णालय सहसा पत्राशिवाय मंडळ बसवत नाही, म्हणून आधी कार्यालयाकडून तसं पत्र मागून घ्या.

अर्जाची पोच घ्या आणि शिक्का मारलेली प्रत घरी ठेवा. दोन-तीन महिने काही हललं नाही तर पेन्शनरांच्या तक्रारींसाठी केंद्राचं ‘सीपीईएनग्राम्स’ पोर्टल आहे. त्यावर वडिलांच्या नावाने तक्रार नोंदवा. तिथल्या तक्रारीला कार्यालयाला लेखी उत्तर द्यावं लागतं, त्यामुळे फाइल जागची हलते.

अजून एक गोष्ट, जी लोक चांगल्या हेतूने बिघडवतात. ही पेन्शन चालू राहण्यासाठी भावाचं इतर उत्पन्न कुटुंब निवृत्तिवेतन आणि त्यावरचा महागाई भत्ता यांच्या बेरजेपेक्षा कमी असावं लागतं, म्हणजे वरच्या हिशोबाने महिना १७,५३८ च्या आत. ‘त्याच्या भवितव्यासाठी’ म्हणून सगळ्या ठेवी आणि घरभाडं भावाच्या नावावर केलं तर व्याज आणि भाडंच ही मर्यादा ओलांडू शकतं. तीस लाखांच्या ठेवीवर सात टक्क्यांनी वर्षाला दोन लाख दहा हजार येतात, म्हणजे महिना साडेसतरा हजार. काठावर. वडिलांना मृत्युपत्र करायचं असेल तर वकिलाला ही मर्यादा आधी सांगा.

पेन्शन सुरू झाल्यावर दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला, आणि भाऊ कमावत नाही असं पालक म्हणून तुमचं दरवर्षीचं प्रमाणपत्र. बोटांचे ठसे यंत्रावर उमटत नसतील तर चेहऱ्यावरून दाखला देणारं मोबाइल अ‍ॅप चालतं. त्याआधी भावाचं आधार अद्ययावत करून त्याला तुमचा मोबाइल नंबर जोडा.

ज्या वाचकांचे वडील राज्य सरकारी नोकरीत होते, त्यांनाही राज्याच्या पेन्शन नियमांत अशीच तरतूद आहे. खासगी नोकरी आणि पीएफ असेल, तर पीएफच्या ईपीएस-९५ या पेन्शन योजनेत पूर्ण आणि कायमस्वरूपी अपंग मुलाला वयाची अट न लावता तहहयात पेन्शन आहे. रक्कम मात्र तुटपुंजी.

प्रमाणपत्र नव्याने करा, आणि दोन्ही तपासण्या करा

२००९ च्या कागदावर आता काही अडणारं सुटणार नाही. ‘स्वावलंबन’ पोर्टलवर यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगत्वाच्या कार्डासाठी अर्ज करा. आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा, सही किंवा अंगठा एवढंच लागतं. जुन्या प्रमाणपत्राची प्रतही जोडा. अर्ज करताना रुग्णालय निवडायला लागतं. तुमच्याकडे मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे अस्थिरोग आणि मानसोपचार हे दोन्ही विभाग मिळतात. छोटं रुग्णालय निवडलं तर मानसशास्त्रज्ञ नाही म्हणून पुढे पाठवतात आणि फेरा वाढतो.

दोन विभाग का, तर तुमच्या भावाच्या अर्ध्या दिव्यांगत्वाची आजवर मोजणीच झालेली नाही. पाय मोजले, समज मोजली नाही. बौद्धिक दिव्यांगत्व बुद्ध्यांकाच्या आणि सामाजिक परिपक्वतेच्या चाचणीवरून ठरतं. मध्यम असेल तर ७५ टक्के, तीव्र असेल तर ९० टक्के धरतात. मग दोन्ही मिळून ‘बहुदिव्यांगत्व’ म्हणून एक आकडा काढतात. इथे साधी बेरीज नसते. मोठ्या आकड्यात, लहान आकडा गुणिले (९० वजा मोठा) भागिले ९०, एवढं मिळवायचं. भावाला समजेचे ७५ आणि पायांचे ५५ मिळाले, तर ५५ गुणिले १५ भागिले ९० म्हणजे सुमारे ९. एकूण ८४ टक्के. नुसत्या पायांच्या ५५ वर थांबलात तर ८० टक्क्यांच्या पुढचं काहीच मिळत नाही, आणि ‘बहुदिव्यांगत्व’ हा शब्दही कागदावर येत नाही. तो शब्द पुढे पालकत्वाला आणि विम्याला उपयोगी पडतो.

कार्ड रंगाने ओळखतात: ४० टक्क्यांच्या आत पांढरं, ४० ते ७९ पिवळं, ८० आणि पुढे निळं. हातात पडल्यावर रंग बघण्याआधी तीन गोष्टी तपासा. नाव आधारशी अक्षर न् अक्षर जुळतं का? वडिलांच्या पीपीओवर चढणारं नावही हेच आहे का? ‘कायमस्वरूपी’ लिहिलंय की तात्पुरतं? चौतिसाव्या वर्षी सेरेब्रल पाल्सी बरी होत नाही. चुकून मुदतीचं प्रमाणपत्र दिलं असेल तर तिथेच अर्ज देऊन दुरुस्त करून घ्या. घरी येऊन मग कळलं की पुन्हा पहिल्यापासून रांग.

रुग्णालयात जाताना बाकीचे नमुनेही बरोबर न्या. रेल्वेच्या सवलतीला रेल्वेच्याच नमुन्यातलं, सरकारी डॉक्टरने सही केलेलं प्रमाणपत्र लागतं, यूडीआयडी पुरत नाही. चाचण्यांचे मूळ अहवाल परत मागून घ्या, पेन्शनच्या मंडळापुढे तेच चालतात. भावाला पुन्हा पुन्हा रिक्षात घालून न्यायचं त्रांगडं तुम्हालाच निस्तरायचं आहे, तेव्हा एका फेरीत जितकं उरकेल तितकं उरका.

पालकत्वाचा कागद, आणि तो एजंट

एजंटला एक रुपयाही देऊ नका. मूल १८ चं झालं की कायद्याने आई-वडीलसुद्धा त्याचे आपोआप पालक राहत नाहीत. सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांगत्व या चार गटांसाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने सोपा मार्ग ठेवलाय. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते, तिच्याकडे ‘फॉर्म ए’मध्ये अर्ज करायचा. वकील लागत नाही. बाकी दिव्यांगांना कोर्टाची पायरी चढावी लागते, तुम्हाला नाही.

अर्जात पालक म्हणून तुमचं नाव द्या आणि वडिलांची लेखी संमती जोडा. ही संमती आज एका सहीत मिळते. उद्या वडिलांचा हात थरथरायला लागला किंवा विसरायला व्हायला लागलं तर याच सहीसाठी डॉक्टरांचे दाखले मागतील. दुसरी भावंडं असतील तर त्यांचंही ना-हरकत पत्र घ्या. कायद्यात मागितलं नसलं तरी समितीसमोर आक्षेप आला की प्रकरण लोंबकळतं. समितीची बैठक दर महिन्याला होईलच असं नाही, म्हणून जिल्हाधिकारी कार्यालयात पुढची तारीख कधी ते विचारून त्याआधी अर्ज पोचवा.

प्रमाणपत्र मिळालं की जबाबदारीही येते. नेमणुकीपासून सहा महिन्यांत भावाच्या मालमत्तेची यादी समितीला द्यायची, आणि पुढे दरवर्षी आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत, म्हणजे ३० जूनपर्यंत, जमाखर्च. एक साधी वही घाला. औषध, डायपर, फिजिओथेरपी, बिलासकट. पुढे पेन्शन तुमच्या हातून खर्च होणार आहे; नातेवाईक कधी काय बोलतील सांगता येत नाही, तेव्हा वहीच बोलेल.

पेन्शनच्या नियमात पेन्शनरला मानसिक दिव्यांग मुलासाठी पालक नेमून ठेवता येतो. वडिलांनी फॉर्म ४ सोबत तुमचं नाव तसं लिहून द्यावं, आणि समितीचं प्रमाणपत्रही आणावं. दोन्ही असलेली बरी. बँकेत खातं उघडताना समितीचं प्रमाणपत्रच विचारतात.

याच न्यासाची ‘निरामय’ ही आरोग्य विमा योजना आहे. वर्षाला एक लाखापर्यंत, आधीच्या आजाराची अट नाही, विम्याआधी तपासणी नाही. रुग्णालयाबाहेरचे उपचार आणि थेरपीचा खर्चही यात धरतात, आणि खासगी विमा कंपन्या नेमकं हेच टाळतात. दारिद्र्यरेषेवरच्या कुटुंबाला नोंदणीला ५०० रुपये, नूतनीकरणाला २५०. पैसे आधी आपण भरायचे आणि बिलांवर परत मिळवायचे. दावे बहुतेक एकाच कारणाने फेटाळले जातात: थेरपिस्टने साध्या कागदावर पावती दिलेली असते, नोंदणी क्रमांक आणि डॉक्टरची चिठ्ठी नसते. ती आधीच मागा.

जे तुम्हाला मिळणार नाही, किंवा लागणार नाही

शेजाऱ्यांचं अर्धं खरं आहे. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांची रक्कम ऑक्टोबर २०२५ पासून महिना २,५०० झाली (इतरांना १,५००). पण दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५०,००० रुपये आहे. वडिलांची पेन्शनच महागाई भत्त्यासह वर्षाला साडेतीन लाखांच्या वर जाते. वेगळं रेशनकार्ड काढून भावाला ‘एकटा’ दाखवायचा सल्ला कुणीतरी देईलच. तो मानू नका. पडताळणीत उघडं पडलं की वसुली होते, आणि त्याहून वाईट म्हणजे वडिलांवर अवलंबून नाही असा कागद तुम्हीच तयार केलेला असतो. पुढे पेन्शनच्या वेळी कुणी तो वर काढला तर काय सांगणार?

ज्यांचं उत्पन्न खरंच मर्यादेत आहे त्यांच्यासाठी: अर्ज तहसील कार्यालयातल्या संजय गांधी शाखेत किंवा आपले सरकार सेवा केंद्रात. ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, १५ वर्षांच्या रहिवासाचा पुरावा, बँक पासबुक. पैसे आधार जोडलेल्या खात्यात जातात. दोन-तीन खाती असतील तर आधार शेवटी ज्या खात्याला जोडलं त्यात जमा होतात, आणि माणूस दुसऱ्याच बँकेत चौकशी करत बसतो. उत्पन्नाचा आणि हयातीचा दाखला दरवर्षी वेळेत दिला नाही तर अनुदान गुपचूप थांबतं.

‘टॅक्स वाचेल’ हेही तुमच्या घरात पोकळ आहे. आयकराच्या कलम ८० डीडीमध्ये दिव्यांग अवलंबिताच्या पालनपोषणासाठी ७५,००० रुपयांची, आणि ८० टक्क्यांपासून पुढे १,२५,००० रुपयांची सरसकट वजावट आहे. खर्च तेवढा झाला नसला तरी. पण अवलंबित म्हणजे नवरा-बायको, मुलं, आई-वडील, स्वतःची भावंडं. बायकोचा भाऊ त्यात बसत नाही. म्हणजे तुमच्या यजमानांना ती घेता येत नाही, त्यांच्या सहकाऱ्याने कितीही खात्रीने सांगितलं तरी. तुम्हाला घेता आली असती, पण तुम्हाला आज उत्पन्न नाही. वडिलांना घेता येते, पण साडेतीन लाखांच्या पेन्शनवर नव्या किंवा जुन्या, कुठल्याच पद्धतीत कर लागत नाही. शिवाय ही वजावट फक्त जुन्या करपद्धतीत मिळते. २०२५-२६ साठी नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर कर शून्य झाल्यामुळे अनेक मध्यमवर्गीय घरांत ती मागण्याचं कारणच उरलेलं नाही. आधी दोन्ही पद्धतींनी हिशोब मांडा. ज्यांना ती फायद्याची आहे त्यांनी लक्षात ठेवावं: सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता किंवा बहुदिव्यांगत्व असेल तर मेंदूविकारतज्ज्ञ किंवा सिव्हिल सर्जन यांचा ‘फॉर्म १०-आयए’ विवरणपत्राआधी ऑनलाइन भरावा लागतो.

लाडकी बहीण योजनेचे १,५०० रुपये बाईच्याच खात्यात येतात, पण त्याचा सांभाळण्याशी संबंध नाही. यजमानांचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांवर असेल तर तोही विषय संपला.

लहान, पण मागून घ्या

महापालिका, नगरपालिका, ग्रामपंचायत यांनी स्वतःच्या उत्पन्नाचे ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. त्यातून कुठे मासिक मदत देतात, कुठे वर्षातून एकदा रक्कम, कुठे साहित्य. प्रत्येक ठिकाणचे नियम वेगळे, आणि उत्पन्नाची अटही सगळीकडे सारखी नसते. भावाचं नाव दिव्यांगांच्या यादीत चढवा. यादीत नाव नसलेल्याला शोधत कुणी येत नाही.

एसटीत दिव्यांग व्यक्तीला ७५ टक्के सवलत आहे, आणि ६५ टक्क्यांपासून पुढे सोबत्याला ५० टक्के. ही एक सवलत तुम्हाला, सांभाळणारी म्हणून, थेट मिळते. ५५ च्या जुन्या कागदावर ती मिळत नव्हती. रेल्वेत सोबतीशिवाय प्रवास करू न शकणाऱ्याला स्लीपर आणि थ्री-टायर एसीत ७५ टक्के, सोबत्यालाही तितकीच. त्यासाठी रेल्वेचं स्वतंत्र ओळखपत्र ऑनलाइन काढायचं.

वडिलांना दरमहा १,००० रुपये ठराविक वैद्यकीय भत्ता मिळतो का ते पेन्शनच्या पावतीवर बघा. सीजीएचएस या केंद्राच्या आरोग्य योजनेच्या क्षेत्राबाहेर राहणाऱ्या केंद्रीय पेन्शनरांचा तो हक्क आहे. सीजीएचएसचं कार्ड घ्यायचं ठरवलं तर दिव्यांग मुलाचं नाव वयाची अट न लावता त्यात येतं.

आणि तुमचं स्वतःचं

तुम्ही ११ वर्षं नोकरी केली आणि पीएफ कापला जात असेल, तर पेन्शनचा भाग बुडालेला नाही. दहा वर्षं पूर्ण झाल्यामुळे तो एकरकमी काढता येत नाही, पण ५८ व्या वर्षी ‘फॉर्म १०-डी’ भरून मासिक पेन्शन मिळते. पन्नाशीनंतर लवकरही घेता येते. मात्र आधी घेतलेल्या प्रत्येक वर्षामागे ती ४ टक्क्यांनी घटते. पीएफची शिल्लक तशीच ठेवली तर ५८ पर्यंत व्याज चालू राहतं, फक्त नोकरी सुटल्यानंतरचं व्याज करपात्र असतं. आज यूएएनवर (पीएफच्या कायमच्या क्रमांकावर) लॉगिन करा, केवायसी आणि नामनिर्देशन पूर्ण आहे का बघा, आणि नोकरी सोडल्याची तारीख कंपनीने टाकली आहे का तेही. ती नसली की दावा अडतो आणि तोवर कंपनीतली ओळखीची माणसं निघून गेलेली असतात.

आता थोडं घरातलं. वडिलांनी दरमहा ठरावीक रक्कम, चार-पाच हजार का होईना, घरखर्चाच्या पैशांतून नव्हे तर वेगळी, तुमच्या एकटीच्या खात्यात बँकेमार्फत टाकावी असं आमचं मत आहे. वडिलांकडून मुलीला मिळालेल्या पैशावर तुम्हाला कर नाही. त्यातून तुमच्या नावाने पीपीएफ चालू ठेवा. वर्षाला किमान ५००, जास्तीत जास्त दीड लाख. वडिलांशी हे बोलायला अवघड वाटेल, आणि ते ‘आपल्याच घरात कसले पैसे’ म्हणतीलही. तरी त्यांच्या हयातीतच बोला. त्यांच्या माघारी येणारी पेन्शन भावाची असेल, तिचा हिशोब समितीला द्यायचा असेल, आणि त्यातून स्वतःसाठी परस्पर उचलणं तुम्हाला जमणारही नाही आणि शोभणारही नाही. त्या वेळी तुमच्या कष्टाबद्दल काही रक्कम घ्यायची असेल तर ती समितीला लेखी कळवून, वहीत दाखवून घ्या.

क्रम असा ठेवा: या आठवड्यात स्वावलंबनवर अर्ज, आणि त्याच दिवशी वडिलांच्या सहीचं पत्र टपाल कार्यालयाला, वैद्यकीय मंडळासाठी. तपासण्या झाल्या की फॉर्म ए. वडिलांचा पीपीओ मात्र आजच कपाटातून काढून त्याच्या दोन झेरॉक्स करून ठेवा.